दफ्तराला न दिसलेला द्वेष

कोलोन शहरात, ऱ्हाइन नदीच्या पूर्वतीरावर, कोइपश्ट्रासे नावाची एक पेठ आहे. तेथे राहणारी आणि व्यापारउदीम करणारी माणसे बहुतांशी तुर्की वंशाची असून केशकर्तनालये, मिठाईची दुकाने, सराफी पेढ्या आणि खानावळी यांनी ती दिवसभर गजबजलेली असते. ९ जून २००४ रोजी दुपारी या पेठेतील एका केशकर्तनालयासमोर उभ्या केलेल्या सायकलीवरचा, शेकडो लांब खिळ्यांनी भरलेला बॉम्ब फुटला आणि २२ माणसे जखमी झाली. दुसऱ्याच दिवशी जर्मनीचे तत्कालीन गृहमंत्री ऑटो शिली यांनी जाहीर केले की, सुरक्षायंत्रणांच्या हाती आतापर्यंत जे लागले आहे त्यावरून या प्रकारामागे दहशतवाद नसून गुन्हेगारांचे काही वर्तुळ असावे असे दिसते. तपास अद्याप पुरा झालेला नाही, अशी पुस्ती त्यांनी जोडली होती हे खरे. परंतु मंत्र्यांच्या निवेदनातील पुस्ती सहसा कोणी ध्यानात ठेवीत नाही, आणि खालच्या अंमलदाराला तर अशा निवेदनातून तपासाची दिशाच मिळून जाते. त्यानंतरची सात वर्षे त्या पेठेतील जखमी दुकानदारांनी आपले हिशेब, आपली देणीघेणी आणि आपले नातेसंबंध पोलिसांपुढे उलगडून दाखविण्यात घालविली.

शिली हे काही उजव्या मताचे गृहस्थ नव्हते. तरुणपणी ते डाव्या दहशतवाद्यांच्या खटल्यात बचावाचे वकील म्हणून उभे राहिले होते, पुढे हरित पक्षाच्या संस्थापकांत त्यांची गणना झाली आणि गृहमंत्री झाले ते सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या सरकारात. तेव्हा त्या निवेदनाचे मूळ मंत्र्यांच्या वैयक्तिक कलात शोधणे व्यर्थ आहे; ते राज्ययंत्रणेच्या दृष्टीतच शोधावे लागते. याच जर्मनीत १९७७ साली ‘रेड आर्मी फॅक्शन’ या डाव्या गटाने महाभियोक्ता झिगफ्रीड बुबाक, बँकर युर्गेन पोंटो आणि उद्योगपतींच्या संघटनेचे अध्यक्ष हान्स मार्टिन श्लायर यांचे प्राण घेतले, तेव्हा सारे राज्य खडबडून उभे राहिले. गुन्हेगारांची चित्रे पोस्टाच्या कचेऱ्यांतून झळकली आणि कैद्यांचा बाहेरील जगाशी, इतकेच नव्हे तर वकिलांशीही, संपर्क तोडण्याची मुभा सरकारला देणारा कायदा संसदेने अवघ्या काही दिवसांत संमत केला. महाभियोक्त्यावरचा हल्ला हा राज्यावरचा हल्ला आहे हे कोणालाही समजावून सांगावे लागले नाही. वाण्याच्या, शिंप्याच्या, फुलवाल्याच्या डोक्यात गोळी घालणारा मनुष्यही त्याच राज्यघटनेवर गोळी झाडीत असतो, ही गोष्ट मात्र त्याच राज्याला अकरा वर्षे उमगली नाही. मला वाटते, वंशद्वेषी हिंसेच्या बाबतीत सरकारांचे वर्तन समजून घेण्याची किल्ली येथेच आहे: राज्यसंस्था स्वतःवर उगारलेला हात तत्काळ ओळखते, पण आपल्या आश्रयाने राहणाऱ्या दुबळ्या माणसांवर उगारलेला हात तिला त्या माणसांचे आपसांतील भांडण वाटतो.

त्या अकरा वर्षांचा इतिहास आता न्यायालयाच्या व संसदेच्या दफ्तरी नमूद आहे. ९ सप्टेंबर २००० रोजी न्यूरेंबर्ग येथे एन्व्हर शिमशेक या फुलविक्रेत्यावर त्याच्या फिरत्या दुकानाशी गोळ्या झाडण्यात आल्या, आणि तेव्हापासून एप्रिल २००६ पर्यंत न्यूरेंबर्ग, हॅम्बुर्ग, म्युनिक, रोस्टॉक, डॉर्टमुंड आणि कासेल या शहरांत, चेस्का बनावटीच्या एकाच पिस्तुलाने, आठ तुर्की वंशाचे आणि एक ग्रीक वंशाचा असे नऊ जण मारले गेले. एप्रिल २००७ मध्ये हाइलब्रोन येथे एका तरुण स्त्री-पोलिसाचा बळी गेला तो दहावा. एकच पिस्तूल, दिवसाढवळ्या दुकानात शिरून केलेली हत्या, चोरीचा मागमूस नाही आणि मृतांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. इतके धागे हाती असताना तपासाने जी वाट धरली तिची कल्पना तपासपथकाला दिलेल्या ‘बॉस्पोरस’ या नावावरूनच यावी. वृत्तपत्रांनी या हत्यांना डोनर या तुर्की खाद्यपदार्थाचे नाव जोडले. वास्तविक नऊ जणांपैकी दोघांचाच त्या धंद्याशी संबंध होता, बाकीच्यांत कोणी शिवणकाम करी, कोणी भाजीपाला विकी, कोणी किल्ल्या बनवून देई.

पोलिसांनी आळस केला असे मात्र म्हणता येणार नाही. त्यांनी परिश्रम केले, आणि अपार केले. ते सारे एकाच दिशेने केले, इतकेच. मृत माणूस अफूच्या व्यापारात असावा, जुगारात असावा, कोणा टोळीचे देणे त्याने थकविले असावे, निदान त्याची बाहेर कोठे भानगड तरी असावी, या गृहीतकांवर घरोघर झडत्या झाल्या आणि विधवांचे व मुलांचे जबाब पुनःपुन्हा घेण्यात आले. शिमशेक यांच्या पत्नीला एका सोनेरी केसांच्या स्त्रीचे छायाचित्र दाखवून, तुझ्या नवऱ्याने हिच्याशी दुसरा संसार थाटला होता असे सांगण्यात आले. ती स्त्री, तो संसार, सारेच तिची प्रतिक्रिया पाहण्यासाठी रचलेले होते. देणे थकविणाऱ्याचा बदला घ्यायला कोणी येते काय हे पाहावे म्हणून न्यूरेंबर्गात पोलिसांनी स्वतःच काही महिने डोनरची टपरी चालविली. हॅम्बुर्गच्या पोलिसांनी तर मृतात्म्याशी संभाषण करू शकतो असे म्हणणाऱ्या एका इराणी गृहस्थाचे म्हणणेही ऐकून घेतले. परलोकाचा दरवाजा ठोठावून पाहण्यास जे खाते तयार झाले, त्याला आपल्याच मुलखातील नवनाझींचा दरवाजा ठोठावावासा वाटू नये, याला काय म्हणावे?

वाटले नाही असेही सर्वस्वी नाही. २००६ साली बव्हेरियाच्या पोलीसदलातील गुन्हेगार-मानस जाणणाऱ्या तज्ज्ञांनी असे अनुमान मांडले होते की, या हत्या तुर्कांविषयीच्या द्वेषातून घडलेल्या असू शकतात. अन्य प्रांतांच्या अंमलदारांना ते रुचले नाही आणि दुसरे मत मागविण्यात आले. ते बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या पोलीसखात्याकडून २००७ साली आले, आणि त्यात असा युक्तिवाद होता की, आमच्या संस्कृतीत मनुष्यहत्या घोर निषिद्ध मानलेली असल्याने मारेकरी आमच्या मूल्यव्यवस्थेच्या पुष्कळ बाहेरचा असला पाहिजे. ज्या देशाने विसाव्या शतकात मनुष्यहत्येचे कारखाने उभारले त्या देशातील एका सरकारी कचेरीने हे लिहावे, यावर भाष्य न केलेलेच बरे.

आणि ज्यांना हे प्रथमपासून कळत होते त्यांना कोणी विचारले नाही. कासेल येथे ६ एप्रिल २००६ रोजी हालित योझगात हा एकवीस वर्षांचा तरुण आपल्याच इंटरनेट-कॅफेत मारला गेला. महिन्याभराने, ६ मे रोजी, मृतांच्या कुटुंबीयांनी आणि त्यांच्या समाजाच्या हजारो माणसांनी त्या शहरातून मोर्चा काढला व दहावा बळी पडू देऊ नका अशी सरकारला विनवणी केली. या माणसांपाशी ना गुप्तहेर होते ना प्रयोगशाळा. आपल्याला कोण मारू इच्छितो हे जाणण्याची, रोजच्या अनुभवाने तीक्ष्ण झालेली जाण तेवढी होती. सरकारी दफ्तरात अशा जाणिवेला रकाना नसतो. फिर्यादीचे म्हणणे पुरावा म्हणून नव्हे तर संशयाचा विषय म्हणून नोंदविले गेले, की तपास कितीही कसोशीने चालो, तो घाण्याला जुंपलेल्या बैलासारखा त्याच वर्तुळात फिरत राहतो.

४ नोव्हेंबर २०११ रोजी आयझेनाख येथे एका बँकेवर दरोडा पडला. दोन दरोडेखोर त्यांच्या निवासी मोटारगाडीत मृतावस्थेत सापडले, त्यांच्या साथीदार स्त्रीने झ्विकाऊ येथील घर पेटवून दिले, आणि त्या राखेतून चेस्का पिस्तूल व मारेकऱ्यांनी कोलोनच्या त्या बॉम्बसह आपल्या कृत्यांची फुशारकी मारण्यासाठी तयार केलेली चित्रफीत बाहेर पडली. हे तिघेही थुरिंगियातील येना शहराचे, आणि १९९८ साली एका गॅरेजच्या झडतीत स्फोटके सापडल्यावर फरारी झालेले. म्हणजे उलगडा पोलिसांनी केलाच नाही. गुन्हेगारांच्या अंताने तो आपोआप झाला.

यापुढील भाग अधिक खेदजनक आहे, कारण अज्ञानाची सबब येथे चालत नाही. जर्मनीत संविधानाच्या रक्षणार्थ म्हणून स्थापिलेली गुप्तवार्ता-खाती केंद्रात व प्रत्येक प्रांतात आहेत. येनातील हे तिघे ज्या नवनाझी संघटनेच्या वर्तुळात वाढले, तिचा एक प्रमुख पुढारी थुरिंगियाच्या गुप्तवार्ता-खात्याचा पगारी खबऱ्या होता. त्याला वर्षानुवर्षे मिळून सुमारे दोन लाख मार्क देण्यात आले, आणि ते आपण चळवळीच्या कामी लावले असे त्यानेच पुढे सांगितले. कासेलच्या त्या इंटरनेट-कॅफेत हत्येच्या सुमारास हेस प्रांताच्या गुप्तवार्ता-खात्याचा एक अंमलदार हजर होता; आपण काही पाहिले नाही, काही ऐकले नाही, अशी त्याची कैफियत. पोलिसांनी त्याच्या हाताखालच्या खबऱ्यांचे जबाब घेण्याची परवानगी मागितली, तेव्हा प्रांताचे तत्कालीन गृहमंत्री फोल्कर बुफिए यांनी ती नाकारली. ११ नोव्हेंबर २०११ रोजी, म्हणजे महाभियोक्त्यांनी तपास आपल्याकडे घेतला त्याच दिवशी, कोलोन येथील केंद्रीय कचेरीत थुरिंगियातील खबऱ्यांविषयीची कागदपत्रे यंत्रात घालून त्यांचा चुरा करण्यात आला. ही गोष्ट उघडकीस आल्यावर खात्याचे प्रमुख हाइन्झ फ्रोम यांना २०१२ साली पद सोडावे लागले. हेसच्या खात्याने आपल्या दफ्तराची तपासणी करून जो अहवाल सिद्ध केला तो १२० वर्षे गुप्त ठेवण्याचा हुकूम झाला होता, आणि पुष्कळ ओरड झाल्यावर ती मुदत ३० वर्षांवर आणण्यात आली. एकशेवीस वर्षे! मृतांच्या नातवंडांनाही तो वाचावयास मिळू नये, एवढी दूरदृष्टी नवनाझींच्या पाळतीत दाखविली असती तर?

न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की, जर्मन राज्याने त्यानंतर जे केले ते इतर अनेक राज्यांनी केले नसते. २३ फेब्रुवारी २०१२ रोजी बर्लिन येथील शोकसभेत चॅन्सेलर अँगेला मेर्केल यांनी, ज्या कुटुंबांवर वर्षानुवर्षे खोटा संशय घेतला गेला त्यांची जाहीर क्षमा मागितली व सत्य उजेडात आणण्याचे वचन दिले. संसदेच्या चौकशी समितीने सर्वपक्षीय एकमताने, ४७ शिफारशींसह, ऑगस्ट २०१३ मध्ये आपला अहवाल सादर केला आणि यंत्रणांच्या अपयशावर पांघरूण घातले नाही. म्युनिकच्या न्यायालयात मे २०१३ पासून जुलै २०१८ पर्यंत ४३८ दिवस खटला चालून मुख्य आरोपी स्त्रीला जन्मठेप झाली. एवढे होऊनही प्रश्न उरलेच. प्रत्येक शहरात नेमके तेच दुकान, तोच माणूस कोणी दाखवून दिला? तीन फरारी माणसांना जवळजवळ चौदा वर्षे कोणाकोणाचा आसरा होता? चॅन्सेलरांचे वचन आणि गुप्तवार्ता-खात्याचे कुलूप यांचा सामना झाला, तेव्हा कुलूप टिकले.

हा दृष्टिदोष एका खात्याचा किंवा एका दशकाचा नाही. २६ सप्टेंबर १९८० रोजी म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्ट जत्रेत बॉम्ब फुटून मारेकऱ्यासह १३ जण मेले व दोनशेहून अधिक जखमी झाले. मारेकऱ्याचा एका नवनाझी लष्करी पथकाशी संबंध होता हे ठाऊक असूनही, वैयक्तिक वैफल्याने पछाडलेल्या एकट्या तरुणाचे कृत्य म्हणून ते प्रकरण दप्तरदाखल झाले. २०१४ साली चौकशी पुन्हा उघडली गेली आणि ते उजव्या अतिरेकी विचाराचे कृत्य होते हे मान्य व्हायला जुलै २०२० उजाडला. चाळीस वर्षे लागली. त्याच शहरात २२ जुलै २०१६ रोजी, नॉर्वेत एका उजव्या अतिरेक्याने केलेल्या हत्याकांडाच्या पाचव्या वर्षदिनी, एका तरुणाने नऊ जणांना ठार केले. त्यांतील बहुतेक स्थलांतरित कुटुंबांतले होते. शाळेतील छळाचा सूड म्हणून पोलिसांनी ते प्रकरण मिटविले, आणि ते राजकीय गुन्ह्यांच्या सदरात घालण्यास २०१९ चा ऑक्टोबर यावा लागला. १९९० पासूनच्या उजव्या हिंसेच्या बळींची सरकारी गणना शंभराच्या थोडी वर जाते, तर आमादेउ आंतोनियो या संस्थेची गणना दोनशेच्या पार आहे. अंगोलाहून आलेला जो कामगार १९९० च्या अखेरीस एबर्सवाल्डे येथे जमावाच्या मारहाणीत मेला त्याचेच नाव या संस्थेने धारण केले आहे. ही तफावत गणिताची नसून हेतू कोणी व केव्हा नोंदवायचा याची आहे, आणि ज्या सदरात आकडा लहान दिसतो त्या सदराला अंदाजपत्रकातही लहानच तरतूद मिळते.

नव्वदीच्या दशकाकडे वळल्यावाचून मात्र हे प्रकरण पुरते समजत नाही, कारण ते तिघे त्याच दशकात वाढले आणि त्यांनी सरकारचे वर्तन डोळ्यांनी पाहिले. ऑगस्ट १९९२ मध्ये रोस्टॉकच्या लिख्टनहागेन वस्तीत जमावाने आधी निर्वासितांच्या आणि मग व्हिएतनामी कामगारांच्या निवासावर अनेक दिवस हल्ले केले. शेजारीपाजारी टाळ्या वाजवीत होते, आणि ऐन वेळी पोलीस मागे हटल्यामुळे शंभराहून अधिक माणसे पेटत्या इमारतीत अडकून पडली. यावर राज्यकर्त्यांचा निष्कर्ष काय? तर देशात आश्रयार्थी फार झाले. २६ मे १९९३ रोजी आश्रयाचा घटनादत्त हक्क आकुंचित करणारी दुरुस्ती संसदेने संमत केली, आणि तीनच दिवसांनी झोलिंगेन येथे एका तुर्की कुटुंबाचे घर पेटविण्यात येऊन पाच स्त्रिया व मुली जळून मेल्या. चॅन्सेलर हेल्मुट कोल त्यांच्या अंत्यविधीला गेले नाहीत; त्याआधी म्योल्न येथील अशाच जळितानंतर त्यांच्या प्रवक्त्याने अशा उपस्थितीला शोकपर्यटन म्हणून हिणविले होते. ज्यांच्या घरांना आग लागली त्यांची संख्या हीच आगीचे कारण ठरवली, की आग लावणाऱ्याला आपण राष्ट्राचे काम केल्याचे समाधान मिळते. भरीस भर म्हणून वाट चुकलेल्या तरुणांना माणसात आणण्याच्या सद्हेतूने सरकारी खर्चाने युवककेंद्रे चालविण्यात आली. येनाच्या विन्झर्ला वस्तीतील अशाच एका केंद्रात पुढील मारेकऱ्यांचा वावर होता. आज त्याच वस्तीतील एका चौकाला एन्व्हर शिमशेक यांचे नाव आहे. कासेलच्या योझगात कुटुंबाने मुलाचा जन्म व मृत्यू ज्या रस्त्यावर झाला त्या रस्त्याला त्याचे नाव मागितले होते. त्यांना एक चौक मिळाला.

राज्याला खडबडून जागे केले ते १ जून २०१९ च्या रात्रीने. कासेलच्या प्रशासकीय विभागाचे प्रमुख वाल्टर ल्युब्के यांना त्यांच्या घराच्या अंगणात एका जुन्या, पोलिसांना परिचित अशा नवनाझीने गोळी घातली. निर्वासितांना आश्रय देण्याचे त्यांनी २०१५ साली एका सभेत समर्थन केले होते, हा त्यांचा अपराध. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये हाल्ले येथील सिनेगॉगवर हल्ला झाला, आणि १९ फेब्रुवारी २०२० च्या रात्री हानाऊ येथे वंशद्वेषाने झपाटलेल्या एका माणसाने नऊ जणांना मारले. त्याची शस्त्रे परवान्याची होती, आणि काही महिन्यांपूर्वी त्याने आपल्या भ्रमिष्ट कल्पनांनी भरलेली तक्रार महाभियोक्त्यांच्याच कचेरीत धाडली होती. त्या रात्री हल्लेखोराचा मोटारीतून पाठलाग करणारा एक तरुण पोलिसांच्या तातडीच्या क्रमांकावर वारंवार दूरध्वनी करीत होता, तो लागला नाही, आणि तो तरुणही मारला गेला.

मार्च २०२० मध्ये चॅन्सेलरांच्या अध्यक्षतेखाली उजवा अतिरेक आणि वंशवाद यांच्या निर्मूलनासाठी मंत्रिमंडळाची समिती नेमली गेली. नोव्हेंबरात तिने ८९ उपायांची यादी प्रसिद्ध केली आणि पुढील चार वर्षांसाठी एक अब्ज युरोहून अधिक रकमेची तरतूद जाहीर झाली. यादी चांगली होती, आणि पैसाही काही लहान नव्हता. परंतु यादीतील उपाय आणि त्याच वर्षी सरकारने नाकारलेली एक गोष्ट शेजारी ठेवून पाहिली म्हणजे त्या उत्साहाची मर्यादा कळते. कातडीच्या रंगावरून माणसे हटकण्याचा शिरस्ता जर्मन पोलिसांत कितपत आहे याचा अभ्यास करावा, अशी शिफारस युरोपीय परिषदेच्या आयोगाने केली होती. गृहमंत्री हॉर्स्ट झेहोफर यांनी जुलै २०२० मध्ये तिला नकार देताना कारण दिले की, असे हटकणे कायद्यानेच निषिद्ध आहे. या तर्काने चोरीचीही चौकशी कोणी करू नये. पुढे त्यांनी पोलिसांच्या दैनंदिन जीवनाचा, त्यांच्यावर होणाऱ्या हल्ल्यांसकट, एक सर्वसमावेशक अभ्यास मान्य केला. तीक्ष्ण प्रश्न बोथट करण्याची ही पद्धत कचेऱ्यांना चांगली अवगत असते. समितीने ज्याचा आग्रह धरला होता तो लोकशाही-संवर्धनाचा कायदा २०२२ च्या डिसेंबरात मंत्रिमंडळाने संमत केला, पण संसदेत तो रखडला तो रखडलाच, आणि द्वेषपीडितांना साहाय्य करणाऱ्या संस्था मुदतीच्या अनुदानांवर दिवस काढीत राहिल्या.

अतिरेक ही कल्पना सरकारांना पचते. अतिरेकी समाजाच्या कडेला उभा असतो, त्याचे मुंडण, त्याचा झेंडा, त्याची शस्त्रे दिसतात, त्याला पकडता येते आणि पकडल्यावर बाकीचा समाज निर्दोष ठरतो. वंशवादाची चौकशी मात्र कडेवर थांबत नाही. विधवेला खोटे छायाचित्र दाखविणारा अंमलदार नवनाझी नव्हता. तो बहुधा सज्जन, कर्तव्यदक्ष आणि आपल्या वरिष्ठांच्या मर्जीतला मनुष्य असेल. त्याला हुडकण्यासाठी कोणत्या गुप्तहेराची नेमणूक करावी?

इंग्लंडने या बाबतीत एकदा एक धीट पाऊल टाकले होते. एप्रिल १९९३ मध्ये लंडनच्या एल्टम भागात स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाची हत्या झाली आणि पोलिसांनी तपासात जी हेळसांड केली तिची चौकशी करणाऱ्या सर विल्यम मॅक्फर्सन यांनी १९९९ च्या अहवालात, दोष एखाददुसऱ्या पोलिसाचा नसून संस्थेतच मुरलेल्या वंशवादाचा आहे असे लिहिले. शिफारस त्यांनी अशी केली की, पीडिताला किंवा अन्य कोणालाही जी घटना वंशद्वेषी वाटते ती तशीच नोंदवून घ्यावी. त्यामुळे आरोप सिद्ध होत नाही, परंतु तपासाचे पहिले पान पीडिताच्या हाती जाते. कोलोनच्या त्या पेठेत हा नियम असता तर १० जून २००४ रोजी मंत्र्यांना वेगळे निवेदन करावे लागले असते. जर्मन संसदेच्या समितीनेही त्याच धर्तीवर सुचविले की, बळी कोण आहे हे पाहता वंशद्वेषाची शक्यता संभवत असेल तेथे पोलिसांनी ती कसून तपासावी व तपासल्याचे कागदावर नमूद करावे. ८९ उपायांतील पुष्कळांपेक्षा मी या एका नोंदीची किंमत अधिक मानतो, कारण तिला पैसा लागत नाही, आणि ती टाळल्यास टाळणाऱ्याचे नाव फाइलीवर राहते.

मराठी वाचकाला या दूरच्या प्रकरणाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. २००० साली चॅन्सेलर गेर्हार्ड श्र्योडर यांनी संगणकतज्ज्ञांना, विशेषतः भारतीयांना, जर्मनीत येण्याचे निमंत्रण देताच नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया प्रांतातील विरोधी पुढारी युर्गेन र्‍युटगर्स यांनी भारतीयांऐवजी आपली मुले, अशा अर्थाचे यमक जुळवून त्यावर निवडणूक लढविली. ती ते हरले. पाच वर्षांनी त्याच प्रांताचे मुख्यमंत्री झाले. १९ ऑगस्ट २००७ च्या रात्री सॅक्सनीतील म्यूगेल्न या छोट्या गावी जत्रेच्या मंडपात झटापट झाली आणि सुमारे पन्नास जणांच्या जमावाने आठ भारतीयांचा रस्त्यातून पाठलाग केला. ते एका भारतीयाच्या पिझ्झाच्या दुकानात शिरले, जमावाने दारे फोडण्याचा प्रयत्न केला, परदेशीयांविरुद्धच्या घोषणा सर्वांनी ऐकल्या. गावाचे महापौर गोटहार्ड डॉयझे यांनी तत्काळ सांगितले की, आपल्या गावात उजवे अतिरेकी नाहीतच, असलेच तर बाहेरून आलेले असतील. कोलोनच्या निवेदनाला तेव्हा तीन वर्षे झाली होती आणि झ्विकाऊच्या आगीला चार वर्षे अवकाश होता.

आज जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांचा गट सर्वांत मोठा आहे. कुशल भारतीय कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे त्या सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले, आणि पुण्यात जर्मन शिकविणाऱ्या वर्गांतून परिचारिका, अभियंते व तंत्रज्ञ होऊ पाहणारी तरुण मंडळी त्याच वाटेवर आहेत. त्यांतील बहुतेकांना चांगले शेजारी, चांगले सहकारी भेटतील. ज्या थोड्यांवर म्यूगेल्नसारखी रात्र येईल त्यांची फिर्याद कोणत्या सदरात लिहिली जाते हा प्रश्न त्यांचा एकट्याचा समजून सोडून देऊ नये. दोन्ही देशांची मंत्रिमंडळे २०११ पासून साधारणतः दर दोन वर्षांनी एकत्र बसून मसलत करतात. तेथे व्हिसांची संख्या, पदव्यांची मान्यता, हरित ऊर्जा असे विषय निघतात. भारतीय नागरिकावर हल्ला झाल्यास त्यामागील हेतूची तपासणी झाली की नाही आणि तिचा निष्कर्ष काय निघाला हे आपल्या वकिलातीला लेखी कळवावे, एवढी साधी मागणी आपल्या परराष्ट्रखात्याने पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर ठेवावी.